न कळकणारा टोप

१

शांती मेली ती शिमग्यात, आणि पाडव्यापर्यंत लालबागच्या त्या चाळीनं ठरवून टाकलं की तिला मीराबाईनं खाल्लं.

ठरवायला पुरावा लागतो कुठं, नळावरची रांग पुरते. गुणवंतीबाईंच्या खाणावळीत बायका चार. खुद्द गुणवंतीबाई, थोरली सून शांती (नवरा बोटीवर कामाला), धाकटी चंपा आणि भाकऱ्या थापायला ठेवलेली घाटावरची विधवा मीराबाई. शांती पोटात कळा येऊन येऊन गेली. चंपा त्याच वाटेला लागलेली. गुणवंतीबाईंच्या तोंडाची रया गेलेली. आणि मीराबाई तेवढी ठणठणीत. मग आणखी काय पाहिजे? गुणवंतीबाईंनी तिचं बोचकं गॅलरीत आणून ठेवलं आणि करणीचं नाव न घेता सांगितलं, "तुझो पाय लागलो आणि घर बसला. तू जा."

मीराबाई गेली, पण गावाला नाही. ती गेली गिरगावात, मीनाक्षी सबनीस यांच्या खोलीवर.

मीनाक्षीबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. चाळिशी उलटलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, जिभेला धार. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्यांना अटक झाली तेव्हा तुरुंगाच्या बराकीत चंपाची वळकटी त्यांच्या शेजारीच होती. त्या ओळखीवर मीराबाई पत्ता विचारत विचारत जिना चढून आली होती.

"तुम्हांला काढलं त्याचं मी बघते," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "गुणवंतीबाईंशी बोलते."

"माझं ऱ्हाऊ द्या, बाई. चेटकीण म्हणत्यात तर म्हणू द्यात. पन चंपाला सोमवारी वेड्यांच्या इस्पितळात टाकनार हायेत. डाक्टरनं चिठ्ठी दिलीया, नवरा न्हेऊन सोडनार हाय. एकदा आत गेली की ती पोर काय परत यायची न्हाई."

"चंपाला वेड लागलंय?"

"रात्रीचं बरळती, माणसं वळखत न्हाई कवाकवा. पन येडी न्हाई ती. रोज कळ येती ती एकाच जागी दावती. खोटं बोलनारी बाई जागा विसरती, बाई."

मीनाक्षीबाईंनी चहाचं आधण उतरवून ठेवलं. बराकीतली चंपा त्यांना आठवत होती: गाणी म्हणणारी, दुसरीच्या ताटातली भाकरी पळवणारी. आज शुक्रवार होता. त्यांनी पायांत चपला घातल्या.

२

डॉक्टर हेमचंद्र नाबर वाईट माणूस नव्हते, हीच तर खरी पंचाईत होती. परळच्या त्यांच्या दवाखान्यात गिरणीवाल्यांची रीघ असे. चळवळीत डोकी फुटलेल्या पोरांना त्यांनी एक पै न घेता टाके घातले होते. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे आधी आपल्याच मनाशी भांडावं लागतं.

"चंपाची केस अगदी पुस्तकी आहे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पडलं. सासू कडक. पोट दुखतं म्हणते, तपासावं तर पोटात काही लागत नाही. उजवा हात मनगटातून लुळा पडतो. नेमका मसाला वाटायचा हात, बरं का. डावा छान चालतो. आता तर भ्रम होतात. मनाचा आजार आहे हा. तिथं तिची नीट काळजी घेतील."

"आणि शांती? तिचंही मन?"

"तिच्या अंगात रक्तच नव्हतं. ह्या बायका सगळ्यांना वाढतात आणि स्वतः खात नाहीत. कितीदा सांगायचं?"

"एकाच घरातल्या दोघींचं पोट एकाच तऱ्हेनं दुखतं, हे तुम्हांला चमत्कारिक नाही वाटत?"

डॉक्टर हसले. कुचेष्टेनं नव्हे, मायेनं हसले, आणि ते जास्त झोंबलं. "बायकांत हे एकीचं बघून दुसरीला होतं. पुरावाच देतो ना. तुरुंगात ती तुमच्याजवळ होती. तिथं तिच्या पोटाचं काय झालं?"

मीनाक्षीबाईंना खरं बोलणं भाग होतं. पहिले काही दिवस चंपा गुडघे पोटाशी घेऊन पडून असे. मग हळूहळू कळा थांबल्या.

"थांबल्या. तुरुंगात. जिथं भलाभला माणूस आजारी पडतो," डॉक्टर म्हणाले. "कारण तिथं सासू नव्हती."

मीनाक्षीबाईंच्याही कुशीत एके काळी कळ येत असे. तेव्हाच्या डॉक्टरांनी औषध म्हणून लग्न सुचवलं होतं. पुढं पित्ताशयातून खडा निघाला. नवरा काही निघाला नाही. ती आठवण गिळून त्या उठल्या.

"तिचं तोंड तपासलंत?"

"तपासलं की. हिरड्या काळ्या. मिश्री लावतात सगळ्याजणी. तंबाखू भाजून दातांना घासायची, मग पोट दुखेल नाही तर काय होईल?"

मीनाक्षीबाईंचा हात दारावरच थबकला. बराकीत मिश्रीसाठी बायका जीव टाकायच्या, चिमूटभर मिश्रीवरून भांडणं व्हायची. चंपा तेवढी बाजूला बसून मिठानं दात घासायची आणि सगळ्याजणी तिला मास्तरीण म्हणून चिडवायच्या. चंपानं जन्मात मिश्री लावली नव्हती.

३

खाणावळीतली दुपारची पंगत उठली होती. आतल्या खोलीत चंपा भिंतीशी पडली होती. मीनाक्षीबाईंना तिनं ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला.

"मिश्री लावतेस का गं हल्ली?"

"नाही. का हो?"

"कोणी विचारलं होतं?"

"कोण विचारणार?"

मीनाक्षीबाईंनी तिचा ओठ हळूच वर केला. ओला कापूस हिरडीवरून फिरवला, पुन्हा फिरवला. कापूस पांढराच राहिला. हिरडीच्या कडेला, दातांच्या अगदी लगत, एक निळसर काळी रेघ होती. ती पुसली जात नव्हती, कारण ती वरून लागलेली नव्हती, आतून उमटलेली होती. अशी रेघ काय खाल्ल्यानं उमटते, हे मीनाक्षीबाई दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून देत. प्रत्यक्षात ती त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

"किती दिवस दुखतंय?"

"दुखतंय म्हणून सांगायचं सोडलं त्यालाच किती दिवस झाले," चंपा म्हणाली. "बाई, मी खरंच वेडी झाले असेन का? सगळे म्हणतात तर असेनही."

तेवढ्यात दत्तू कामावरून आला. चंपाचा नवरा, अंगानं किरकोळ, डोळ्यांखाली काळं. चाळीत कुजबुज होती की मूल होत नाही म्हणून आई त्याच्यासाठी दुसरी बघते आहे, वेडी ठरली की मार्ग मोकळा. मीनाक्षीबाईंनी त्याला गॅलरीत गाठलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

"दुसरी?" दत्तू कठड्याला टेकला. "बाई, मी हिच्यासाठी सिद्धिविनायकाला अनवाणी जातोय मंगळवारचा. डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, तिकडं बरी होईल. मी शिकलेला नाही. डॉक्टरवर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?"

"तुम्ही काम कुठं करता?"

"गिरगावात, छापखान्यात. अक्षरांचे खिळे जुळवतो."

"शिशाचे खिळे."

"शिशाचेच की."

"तिथं कोणाचं पोट दुखतं?"

"दुखतं ना. हात न धुता विडी ओढतात, त्यांना अशा कळा येतात की जमिनीवर लोळतात. एकाचा तर हातच लुळा पडला मनगटातून. मालक गूळ देतात रोज, दूधही देतात."

"मग त्या गड्यांना कोणी वेडं म्हणतं का हो?"

दत्तू चक्रावला. "वेडं कशाला म्हणतील? त्यांचं शिशानं दुखतं, बाई."

आपण काय बोललो ते त्याला कळलं नाही. मीनाक्षीबाईंना कळलं.

४

शिसं होतं, यात शंका उरली नाही. पण ते चंपाच्या पोटात गेलं कसं?

पहिला संशय सरळ होता. दत्तूच्या कपड्यांवरून धूळ येत असेल, चंपा ते कपडे धूत असेल. पण शांती दिराचे कपडे का धुवेल? आणि रोज शिशात हात घालणारा दत्तू धडधाकट कसा? नाही, हे जुळत नव्हतं. घरातल्या तीन बायकांना बाधतं, ते दत्तूला बाधत नाही, पंगतीला बसणाऱ्या गिरणीवाल्यांना बाधत नाही, आणि त्याच चुलीशी दिवसभर बसणाऱ्या मीराबाईलाही बाधत नाही. तुरुंगात सासू नव्हती, हे डॉक्टरांचं खरंच होतं. पण सासूबरोबर तिथं आणखी काय काय नव्हतं?

दुसऱ्या दिवशी त्या खाणावळीत जाऊन पाटावर बसल्या आणि कोणी कधी न विचारलेला प्रश्न विचारला. या घरातल्या बायका काय खातात?

"सगळी खातंत ताच," गुणवंतीबाई म्हणाल्या. "आमका काय येगळा शिजता?"

"केव्हा खाता?"

"सगळ्यांचा झाल्यार. राती दमान जीव जाता, घास उतरना नाय. सकाळी खातंव बरा. आदल्या राती उरलेला माशाचा कालवण. शिळा कालवण नि भाकरी, त्याची चव ताज्याक नाय." बोलता बोलता त्यांचा चेहरा जरा उजळला. "शांती तर टोप पुसून खाय."

"तुम्ही तिघी?"

"तिघीय. दत्तू कामार जाता पयल्या गाडयेक, तो रातचा गरम खाता. आणि ती मीराबाय माळकरी, ती माशाच्या टोपाक हात लावणा नाय. चटणी-भाकर खाय."

मीनाक्षीबाईंनी चुलीशेजारच्या पितळी टोपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रात्रभर आंबट कालवण पितळेच्या टोपात? कळकत नाही?"

पितळेच्या भांड्यात आंबट राहिलं की ते कळकतं, हिरवट होतं, तोंडात घेववत नाही. म्हणून तर आतून कथलाची कल्हई करायची. हे कोणत्याही घरात पोरीबाळींनाही ठाऊक असतं. गुणवंतीबाईंना हा प्रश्न म्हणजे आपल्या संसारावर शिंतोडा वाटला. त्यांनी टोप उचलून पुढ्यात ठेवला.

"बघा. पूर्वी कळकायचो. दत्तून कल्हई करून हाडल्यान, तेच्यापासून दोन दिवस ठेवा, चवीक फरक नाय. अख्ख्या चाळीत असो टोप कोणाकडे नाय."

टोप आतून चकचकीत होता. मीनाक्षीबाईंनी खिशरुमालात गुंडाळलेला पांढरा कागद काढला आणि टोपाच्या तळाशी जोर देऊन घासला. कागदावर शिसपेन्सिलीनं ओढावी तशी करडी रेघ उठली.

"गुणवंतीबाई, तुमचं पोट कसं आहे?"

"माका काय झाला नाय," म्हातारी फटकन म्हणाली आणि टोप ओढून घेतला. पण ओढताना तिचा दुसरा हात पोटाशी गेला.

कल्हईवाला नाक्यावरच्या वडाखाली भाता घेऊन बसत असे. मीनाक्षीबाईंनी खाणावळीच्या टोपाचं नाव काढताच तो वैतागला.

"बाई, माझ्या कल्हईची तक्रार नाही आजपर्यंत. तो टोप माझ्या ध्यानात आहे. मी बोललो होतो, ये माल नरम है, अपना कथील नहीं ये. पार्टी बोलली, लगा दो."

"म्हणजे कथील तुमचं नव्हतं?"

"ना. गोळा घरून आला होता. दत्तूभाऊ स्वतः घेऊन आले."

५

रविवारी पंगत उठल्यावर मीनाक्षीबाईंनी सगळ्यांना खाणावळीत बसवलं. दत्तू, गुणवंतीबाई, भिंतीला टेकवलेली चंपा. मीराबाईला त्यांनी हाताला धरून आत आणलं; गुणवंतीबाई कुरकुरल्या, पण उठून गेल्या नाहीत. डॉक्टर नाबर आले. चिठ्ठी आपण दिली आहे, तेव्हा सोमवारच्या आधी एकदा ऐकून घ्यावं, एवढा भलेपणा त्यांच्यात होता.

मध्ये दोन भांडी होती. एक तो टोप, काल गुणवंतीबाईंना विनवून मागून घेतलेला, आणि एक मीराबाईचं जुनं पातेलं, तिच्या लग्नातलं, कथलाची कल्हई असलेलं. दोन्हींत कालपासून नुसता सिरका घालून ठेवला होता. मीनाक्षीबाईंनी दोन पेल्यांत दोन्हींतलं थोडं थोडं ओतलं. दोन्ही पेले पाण्यासारखे स्वच्छ. मग पर्समधून बाटली काढली.

"पोटॅशियम आयोडाइड. तुमच्याही कपाटात असेल, डॉक्टर."

पातेल्याच्या पेल्यात थेंब पडले. काही झालं नाही. टोपाच्या पेल्यात पडले, आणि आतलं सगळं पाणी पिवळंधमक झालं.

"हळद," डॉक्टर लगेच म्हणाले. "मसाल्याचा टोप आहे."

"हळद असती तर थेंब टाकायच्या आधीही पिवळं दिसलं असतं. आणि मी तो काल राखेनं घासून, उकळतं पाणी घालून धुतलाय. हे शिसं आहे, डॉक्टर." मीनाक्षीबाईंचा आवाज चढला नाही. "पंगतीतले लोक ताजं कालवण खातात, त्यांना बाधत नाही. जे उरतं ते रात्रभर आंबटासकट टोपात मुरतं आणि सकाळी फक्त ह्या तिघी खातात. मीराबाई मासे खात नाही, म्हणून वाचली. तुरुंगात टोप नव्हता, म्हणून चंपा बरी झाली. तुम्ही सासू मोजलीत, ताट मोजलं नाहीत. आणि हिरड्यांवर मिश्री नाही, शिशाची रेघ आहे. चंपा मिश्री लावत नाही. तिला विचारलं असतंत तर तिनंच सांगितलं असतं."

डॉक्टर उठून चंपाजवळ बसले. तिचा ओठ त्यांनी स्वतः वर केला, बोटानं हिरडी पुसली. मग तिचा उजवा हात सरळ धरायला सांगितला. हात मनगटातून खाली पडला. छापखान्यातल्या एका गड्याचा असा हात त्यांनी गेल्या वर्षीच पाहिला होता आणि बघताक्षणी शिसं म्हणून ओळखला होता. तो हात त्यांनी हळूच तिच्या मांडीवर ठेवला.

"टोपाला शिसं कोणी लावलं?" त्यांनी वळून विचारलं.

दत्तूचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "बाजारात कथील मिळेना. चंपाला पहिल्यांदा दिवस गेले होते. आई म्हणाली, टोप कळकतो, पोटुशीच्या पोटात कळकलेलं जायला नको. झिजलेले खिळे वितळवायला काढतात आमच्याकडे, त्यातला एक गोळा फोरमनला विचारून आणला. मला वाटलं, धूळच काय ती वाईट. वितळवून पक्कं बसवलेलं शिसं कोणाच्या पोटात कसं जाईल?"

बाहेर प्रभातफेरीवाल्यांची दुसऱ्या दिवसाची जुळवाजुळव चालली होती, घोषणांची तालीम आतपर्यंत ऐकू येत होती.

"म्हणजे मी वेडी नव्हते," चंपा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि डॉक्टर, ती माझी दोन?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "शिशानं पडतात," ते म्हणाले. "वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात असतं ते."

दत्तूनं आपले हात पुढं धरले. "मीच मारली. वहिनीलाही. माझ्या ह्या हातानं."

चंपानं त्याच्याकडे पाहिलं. ती बोलली ते सावकाश बोलली, पण तिचं एकेक वाक्य पुरं होतं. बरळणाऱ्या बाईचं नव्हतं.

"टोपाचं तुम्ही लावून घेऊ नका. ते न कळून झालं, आणि माझ्यासाठीच केलंत. पण छापखान्यातले गडी पोट धरून लोळतात ते शिशानं, हे तुम्हांला ठाऊक होतं. एकाचा हात असाच पडला, हेही ठाऊक होतं. मी तुमच्यासमोर तशीच लोळत होते, तसाच हात दाखवत होते. मग त्यांचं शिशाचं, आणि माझं तेवढं मनाचं कसं हो झालं?"

प्रश्न डॉक्टर नाबरांनाही होता. त्यांनी दत्तूच्या खिशातली चिठ्ठी मागून घेतली, फाडली आणि म्हणाले, "मोठ्या इस्पितळात शिशावरचं नवं औषध आलंय. आत्ता निघूया. मी स्वतः भरती करून देतो. कुठं कुठं दुखतं ते वाटेत मला सगळं सांग, पहिल्यापासून."

"थांबा वायच," गुणवंतीबाई म्हणाल्या. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या होत्या. "मीय येतंय. माकाय दुखता. शांती होती तेव्हापासून दुखता."

डॉक्टरांनी त्यांना हात दिला. दत्तूनं चंपापुढे आपला हात केला. तिनं तो धरला नाही. मीराबाईच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली आणि एकेक पायरी जिना उतरू लागली. दत्तू तिच्या चपला हातात घेऊन मागून निघाला.